छोटी गाडी बर्फातल्या हिवाळ्यासाठी कशी तयार करावी

हिवाळा तोंडावर आला की गाडी सकाळी सुरू होईल ना आणि बर्फातून पुढे सरकेल ना, याची चिंता सगळ्यांनाच लागते. ती रास्तच आहे; पण तयारीला लागण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो तो प्रश्न वेगळा असतो: ही गाडी बर्फावर किती अंतरात थांबेल? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १४-१५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला त्याच वेगातून थांबायला ५० मीटरच्या आसपास अंतर लागते, आणि वितळू लागलेल्या ओल्या, काचेसारख्या बर्फावर हेच अंतर १०० मीटरच्या घरात जाते. ब्रेक दाबायचे सुचण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी या हिशेबात फरक पडत नाही. फरक पडतो तो टायरमुळे, चालकाला समोरचे किती लवकर आणि किती स्पष्ट दिसते यामुळे, आणि त्याच्या पायाच्या सवयीमुळे. म्हणून पुढच्या तयारीत मी सर्वांत जास्त वेळ आणि पैसा टायरवर खर्च करायला सांगणार आहे.

छोट्या गाडीच्या काही बाजू जमेच्या आहेत, त्याही आधीच लक्षात घ्याव्यात. बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाके ओढतात आणि इंजिनाचे वजन नेमके त्याच चाकांवर असते, त्यामुळे बर्फात निघताना त्यांना बरी पकड मिळते. त्यांचे टायर अरुंद असतात आणि ताज्या, भुसभुशीत बर्फात अरुंद टायर थर कापून खालच्या घट्ट पृष्ठभागापर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर त्याच थरावर तरंगत राहतो. उणी बाजू म्हणजे गाडीचे पोट जमिनीपासून फार उंच नसते. पोटाला बर्फ टेकला की चाकांवरचे वजन हलके होते आणि गाडी आहे तिथेच चाके फिरवत बसते. गाडीच्या पोटापर्यंत पोहोचेल इतका बर्फ रस्त्यावर साचला असेल, तर कोणत्याही तयारीने तो दिवस छोट्या गाडीचा होत नाही.

टायर: बर्फ पडण्याच्या महिनाभर आधी

गाडी आणि रस्ता यांची गाठ चार ठिकाणी पडते आणि प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे असते. उन्हाळी टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत रूपाला चिकटून बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला ओरबाडून धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो आणि तोच भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. म्हणून टायरच्या खाचांत बर्फ भरलेला दिसला तर ती बिघाडाची खूण समजू नये. ही कल्पना जुनी आहे: फिनलंडमधील आजच्या नोकियन कंपनीच्या पूर्वसुरींनी १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केला आणि दोन वर्षांनी प्रवासी गाड्यांसाठीही आणला.

टायर घेताना त्याच्या कडेच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण अशी खूण शोधावी. ही खूण असलेला टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. नुसते ‘एम+एस’ असे लिहिलेले असेल तर ते उत्पादकाने नक्षीच्या प्रकाराबद्दल केलेले विधान असते, चाचणीचा दाखला नसतो. जवळच ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३६२२ असे असतील तर तो टायर २०२२ सालच्या ३६व्या आठवड्यात तयार झाला आहे. पाच-सहा वर्षे उलटलेला टायर खाचा शाबूत असल्या तरी कडक झालेला असतो, आणि ज्या मऊपणासाठी आपण पैसे मोजतो तोच त्यातून निघून गेलेला असतो. खाचांची खोली अनेक देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण बर्फावर ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर फारसा उपयोगाचा राहत नाही. खोली मोजताना आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजावी, कारण अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून गोटा झालेला असतो.

पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. अशा गाडीची पुढची चाके रस्ता धरतात आणि मागची धरत नाहीत, त्यामुळे वळणावर किंवा उतारावर ब्रेक लावताच मागचा भाग पुढे धावून येतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. निघताना ती चांगली पकड देते, म्हणून चालकाला खोटा विश्वास वाटतो, आणि हाच या बचतीतला सर्वांत मोठा धोका आहे. टायर बदलायचे तर चारही बदलावेत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो जुळवून घ्यावा आणि चाके बदलल्यानंतर साधारण ८०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा एकदा योग्य ताकदीने आवळून घ्यावेत.

थंडीत टायरमधली हवा आकसते. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की सुमारे एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब कमी होतो. म्हणजे २५ अंशांत बरोबर भरलेली हवा शून्याला आपोआप चार-पाच पीएसआयने उतरलेली असते. दाब नेहमी गाडी उभी असताना, टायर थंड असताना मोजावा आणि दाराच्या चौकटीवरच्या किंवा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवावा. पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवू नये. त्याने गाडीचे वळणे सैल होते आणि टायरची कड झिजते.

डोंगराळ रस्त्यावर जायचे असेल तर बर्फाच्या चेनही लागतात. त्या ओढणाऱ्या चाकांना बसवायच्या असतात, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे. मात्र घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडून पाहावी, कारण काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शन यांत इतके कमी अंतर असते की उत्पादक ठरावीक मापाच्या टायरवर चेनला मनाई करतो. चेन आणल्यावर एकदा कोरड्या दिवशी, हातमोजे घालून ती चढवून आणि उतरवून पाहावी. हा सराव न करता बर्फात, अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा चेन उलगडणाऱ्या माणसाला तिची कोणती बाजू आत आणि कोणती बाहेर हेही कळत नाही. चढवल्यावर थोडेसे अंतर जाऊन पुन्हा आवळावी, वेग ताशी ५० किलोमीटरच्या खाली ठेवावा आणि मोकळा डांबरी रस्ता लागताच ती काढावी.

बॅटरी

गार पहाटे बॅटरीवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. आतली रासायनिक क्रिया मंदावल्याने शून्य अंशाला तिची सुमारे एक तृतीयांश ताकद कमी होते आणि उणे १८ च्या आसपास ती निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असल्याने स्टार्टरला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. छोट्या गाडीची बॅटरी मुळात लहान असते, आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हीटरचा पंखा, दिवे आणि मागची काच गरम करणारी तार चालू असली की जितके खर्च होते तितके परत भरतही नाही.

म्हणून साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारणपणे १४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. नसेल तर दोष अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे, किंवा ते फिरवणाऱ्या पट्ट्याकडे असू शकतो आणि नवी बॅटरी आणून तो जाणार नाही. बॅटरीला चार-पाच वर्षे झाली असतील आणि सेल मारताना आवाज जड येत असेल तर हिवाळ्याआधीच ती बदलावी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर वजा तार आधी सोडून, मग अधिक तार सोडून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती धुऊन, कोरडी करून, तारा आवळून वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. जोडताना क्रम उलटा, वजा तार शेवटी.

पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण जवळजवळ पाणीच झालेले असल्याने ते उणे दहाच्या आतच गोठू शकते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची तार कधीही जोडू नये. ती फुटू शकते. चांगल्या स्थितीतल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीने आधार द्यायचा असेल तर लाल तार आधी बंद गाडीच्या अधिकला, मग चालू गाडीच्या अधिकला, काळी तार चालू गाडीच्या वजाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, असा क्रम पाळावा. सेल मारताना क्लच पूर्ण दाबून धरला तर स्टार्टरवरचा भार थोडा हलका होतो, आणि दहा सेकंदांहून जास्त सलग सेल मारू नये.

कूलंट, ऑइल आणि इंधन

एका उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी दर काही आठवड्यांनी थोडी खाली जात होती आणि मी प्रत्येक वेळी नळाचे पाणी घालून खूण गाठत होतो. थंडी सुरू होण्याआधी एका मेकॅनिकने टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे द्रव किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्राच्या, काचेवर ठेवला आणि ते यंत्र माझ्या हातात दिले. डोळ्याला लावून उजेडाकडे धरल्यावर वर निळा आणि खाली पांढरा असे दोन भाग दिसले आणि त्यांच्यामधली रेघ उणे नऊच्या आकड्यावर होती. टाकी काठोकाठ भरलेली होती, रंगही छान हिरवा होता, आणि तरीही पहिल्या कडाक्याच्या रात्री ते पाणी इंजिनात गोठले असते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. तेव्हापासून मी रंगावर विसंबत नाही.

एथिलीन ग्लायकोलच्या कूलंटमध्ये निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी हे प्रमाण ठेवले तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त घातले की जास्त सुरक्षित, असे मात्र नाही: शुद्ध ग्लायकोल उणे १३ च्या आसपासच गोठतो. कूलंटची जात पुस्तिकेत दिलेलीच वापरावी आणि झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. पातळी पुन्हापुन्हा उतरत असेल तर गळती शोधावी. हे द्रव्य गोडसर आणि विषारी असते, म्हणून सांडलेले लगेच पुसून घ्यावे आणि डबा मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. हीटर नीट गरम होत नसेल तर थर्मोस्टॅटही (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) याच वेळी तपासून घ्यावा, कारण हीटर हा काच साफ ठेवण्याचे साधन आहे.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे आणि त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते. पुस्तिकेने मुभा दिलेल्यांपैकी लहान आकड्याचे निवडावे. इंधनाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, कारण अडकून पडल्यावर उब तेवढ्यावरच टिकते. डिझेल गाडी असेल तर एक गोष्ट आणखी: थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. थंड प्रदेशातल्या पंपांवर हिवाळ्यात मिळणारे डिझेल त्यासाठीच वेगळे असते, म्हणून उबदार भागात भरलेली टाकी घेऊन थंडीत वर चढू नये. डिझेल पातळ करण्यासाठी त्यात पेट्रोल मिसळण्याचा जुना उपाय आजच्या इंजिनांची इंधनप्रणाली खराब करतो.

दिसणे

वॉशरच्या टाकीतले साधे पाणी पूर्ण काढून टाकून त्या भागातल्या किमान तापमानाला पुरेल असे हिवाळी द्रव भरावे आणि ते नळ्यांमध्ये पोहोचेपर्यंत काचेवर मारून पाहावे, कारण टाकीत द्रव आणि नळीत जुने पाणी असेल तर गोठते ती नळीच. वायपरची पाती काचेवर रेघा सोडत असतील तर ती बदलावीत. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करण्याची सवय लावावी. नाहीतर सकाळी चावी फिरवताच काचेला चिकटलेले वायपर ओढताना मोटर जळते किंवा रबर फाटते. काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. खरवडणीने खरवडावे आणि त्यासाठी वेळ ठेवावा.

काचेच्या आतल्या बाजूला साचलेला तेलकट थर हिवाळ्याआधी पुसून टाकावा, त्यावर बाष्प फार लवकर धरते. बाष्प घालवायला हीटरबरोबर एसीही चालू करावा आणि हवा बाहेरून आत घेण्यावर ठेवावी. थंडीत एसी कशाला, असे वाटते, पण तो हवेतला ओलावा काढतो आणि काच लवकर साफ होते. फार कडक थंडीत मात्र तो आपोआप बंद राहतो. पायदाणांत वितळलेल्या बर्फाचे पाणी साचले तर रात्री ते काचेच्या आतून गोठते, म्हणून कडा उंच असलेली रबरी पायदाणे घालून ती रोज झटकावीत. एलईडी हेडलाइट कमी तापतात आणि स्वतःवरचा बर्फ वितळवत नाहीत, तेव्हा वाटेत थांबून ते हाताने पुसावे लागतात.

दारे, कुलपे आणि हँडब्रेक

दाराच्या रबरावर सिलिकॉनचा पातळ हात फिरवला तर दार गोठून चिकटत नाही. कुलपात घालायचा बर्फ वितळवणारा फवारा गाडीत ठेवू नये, घरात किंवा खिशात ठेवावा. ओल्या चाकांनी आलेली गाडी रात्री हँडब्रेकवर सोडली तर ब्रेक किंवा केबल गोठू शकते. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली अडसर लावावा. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर दर काही दिवसांनी गाडीचे पोट धुवावे.

डिकीत काय असावे

लहान फावडे, काच खरवडायची खरवडणी, मऊ ब्रश, दोन जोड हातमोजे, घोंगडी, टॉर्च, जम्पर केबल, धोक्याचा त्रिकोण, पाणी, खाण्याचे थोडे सामान, फोनचा चार्जर आणि चाकाखाली टाकायला कोरडी वाळू एवढे सामान छोट्या डिकीतही मावते. वाळूची पिशवी जड असेल तर ती डिकीच्या अगदी मागे न ठेवता मागच्या सीटला टेकवून ठेवावी, म्हणजे ब्रेक लावल्यावर ती पुढे येत नाही.

दोन गोष्टींकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत ओढून नेण्याचा हूक कायम बसवलेला नसतो, तो डिकीत स्टेपनीजवळ सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून तिथे फिरवून बसवावा लागतो. अनेकदा त्याचे आटे उलटे असतात. तो कुठे आहे आणि कुठल्या दिशेने बसतो हे आधीच करून पाहावे. दुसरी गोष्ट स्टेपनीची: ती अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल तर बर्फात ओढणाऱ्या चाकाच्या जागी लावू नये. पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चाक पुढे आणून अरुंद स्टेपनी मागे बसवावी. यात वेळ जातो, पण पुढची पकड शाबूत राहते.

अडकून पडल्यावर उबेसाठी इंजिन चालू करायचे असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ पूर्ण काढावा. तोंड बुजले असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. तासातून दहा मिनिटे इंजिन चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि बर्फ पडत असेल तर प्रत्येक वेळी पुन्हा उतरून सायलेन्सर तपासावा.

पायाचा सराव

तयारीतला हा भाग विकत मिळत नाही. पहिला बर्फ पडल्यावर रिकामे, मोकळे, खांब आणि दुभाजक नसलेले पटांगण परवानगीने मिळत असेल तर तिथे ताशी २० किलोमीटर वेगावरून ब्रेक पूर्ण दाबून पाहावा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरतो आणि खालून करकर आवाज येतो. पहिल्यांदा हे अनुभवणारा माणूस दचकून पाय उचलतो, आणि नेमका तेव्हाच गाडीचा थांबण्याचा प्रयत्न सुटतो. ती थरथर पायाला ओळखीची होईपर्यंत चार-पाच वेळा तरी करावे. मग दुसऱ्या गिअरमध्ये हळूवार क्लच सोडून निघणे, उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर, म्हणजे खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून, वेग राखणे, आणि वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करून वळणात फक्त स्टिअरिंग फिरवणे, हे करून पाहावे. चाके जागच्या जागी फिरू लागली तर जास्त ॲक्सिलरेटर देऊ नये. त्याने खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाके जागीच फिरू लागल्यास इंजिनाची ताकद आवरणाऱ्या यंत्रणेचे) बटण तात्पुरते बंद करून, पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून गाडी हलकेच पुढेमागे झुलवावी आणि सुटताच बटण पुन्हा चालू करावे.

आदली रात्र आणि सकाळ

बर्फ पडणार असे दिसले की गाडी रात्री तोंड रस्त्याकडे करून लावावी, म्हणजे सकाळी बर्फातून रिव्हर्स घ्यावी लागत नाही. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी नेहमीपेक्षा वीस मिनिटे आधी उतरावे. प्रथम सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, मगच इंजिन चालू करावे, आणि तेही उघड्या जागी. बंद गॅरेजमध्ये नाही. त्यानंतर टपावरचा बर्फ पूर्ण झाडावा, कारण तसाच राहिलेला थर पहिल्या ब्रेकला घसरून थेट पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. बॉनेट, सर्व काचा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट, या क्रमाने खाली यावे. चाकाच्या कमानीत गोठलेले गोळे पायाने पाडावेत, नाहीतर स्टिअरिंग पूर्ण फिरत नाही. बुटांच्या तळव्यांचा बर्फ आपटून काढावा. ओला तळवा पेडलवरून घसरतो. मग निघाल्यावर पहिल्याच मोकळ्या, सरळ तुकड्यावर, मागे कोणी नाही हे आरशात पाहून, चालण्याच्या वेगात एकदा ब्रेक दाबावा. त्या दिवशीचा रस्ता किती पकड देतो ते तिथेच कळते, आणि पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे ते त्यावरून ठरवावे.